दूध बिलात पाच पैशांचा फरक परत-परत येतोय? प्रिंटर सोडा, गुणाकार बघा

लक्षण आधी सांगतो. दहा दिवसांच्या सकाळच्या स्लिपा जोडल्या की २१७०.४० येतात. त्याच दहा दिवसांच्या बिलावर २१७०.३५ छापलेलं असतं. पुढच्या बिलाला त्याच सभासदाचा फरक तीन पैसे, शेजारच्याचा शून्य, आणि एखाद्याचा उलटाच, म्हणजे बिल जास्त आणि स्लिपा कमी. प्रोग्रॅम बंद करून चालू केला, दर पत्रक परत चढवलं, बिल नव्यानं काढलं, तरी तेच.

दूध संस्था निपाणी तालुक्यातली, वेदगंगेच्या बाजूची. दारावरचा बोर्ड कानडीत, आतली खतावणी मराठीत, ऑडिट परत कानडीत. सॉफ्टवेअर माझं. त्यामुळं या प्रकरणात दोष कुणावर ढकलायची सोय नव्हती, आणि तरीही पहिले तीन महिने मी तो प्रिंटरवर ढकलला.

जुनी आवृत्ती व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत होती आणि बारा वर्षांत तिच्याबद्दल पैशाची एक तक्रार आली नव्हती. मोबाईलवर स्लिप दिसली पाहिजे म्हणून मी सगळं नव्यानं लिहिलं आणि पहिल्याच बिलाला सचिवांचा फोन आला. मी आधी थर्मल प्रिंटरचा रोल बदलायला सांगितला, कारण शेवटचा आकडा पुसट उमटतो. मग गुणाकारात ०.०००१ मिळवून राउंड करायची युक्ती केली. चार सभासदांचं जुळलं, दुसऱ्या सहांचं बिघडलं. शेवटी सचिव अण्णांनी स्वतःच मार्ग काढला: ‘किरकोळ फरक’ नावाचं खातं उघडलं आणि दर बिलाला जमेल तसे पैसे तिकडं टाकायला लागले. असं खातं तुमच्या खतावणीत दिसलं, की समजा हाच आजार आहे आणि त्यावर पट्टी बांधून ठेवलीय.

पकडलं ते एका आक्कानं. त्या स्लिपा तारेला टोचून ठेवतात, तारखेप्रमाणे, आणि बिल आलं की नातीला कॅल्क्युलेटर घेऊन बसवतात. मी संस्थेत होतो त्या दिवशी तार घेऊनच आल्या. म्हणाल्या, “पाच पैशासाठी भांडालोय असं समजू नको रे. पण मशीन चुकालंय का तू चुकालायस, तेवढं तरी सांग.” पाच पैशाचं नाणं आता कुणाच्या हातात येत नाही, पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पण त्यांचा मुद्दा नाण्याचा नव्हताच. स्लिप आणि बिल एकाच यंत्रणेतून निघतं आणि एकमेकाशी बोलत नाही, हा होता.

आता तपासणी. कोड उघडायच्या आधी फरक कुठं *येत नाही* ते बघा. मला याचा फार उपयोग झाला. संस्थेच्या यादीत सरकारी प्रोत्साहनधनाचा रकाना आहे, लिटरमागे ५ रुपये. तो रकाना एकदाही चुकला नव्हता. त्याच लिटरवरून काढलेला, त्याच प्रोग्रॅममधून, त्याच प्रिंटरवर. मग लिटरचा आकडा बरोबर आहे आणि प्रिंटरही. दूध ०.१ लिटरच्या टप्प्यानं मोजलं जातं, ०.१ लिटरला पाच रुपयांनी पन्नास पैसे, म्हणजे उत्तर नेहमी पूर्ण पैशांत. त्यानंतर मी दर बघितले. दराचा शेवटचा आकडा शून्य असेल, म्हणजे ३४.४० किंवा ३४.५०, तर त्या स्लिपांत फरक नाही. ३४.४५ असला की येतो. ३४.४३ असला तरी येतो, पण वेगळ्या मापाचा.

कारण उघड आहे, नंतर सगळंच उघड असतं. ६.३ लिटर गुणिले ३४.४५ म्हणजे २१७.०३५. हा शेवटचा ५ म्हणजे अर्धा पैसा. त्याचं काय करायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि मी कुणालाच ठरवायला सांगितलं नव्हतं. स्लिप छापताना दोन दशांशांपर्यंत राउंड होऊन २१७.०४ उमटत होतं. बिल मात्र न राउंड केलेल्या रकमांची बेरीज करून शेवटी एकदाच राउंड करत होतं. आकडे सोपे व्हावेत म्हणून दहाही सकाळी तेवढंच दूध आणि तोच दर धरा (खऱ्या स्लिपा इतक्या शिस्तीच्या नसतात): स्लिपांची बेरीज २१७०.४०, बिल २१७०.३५. आक्कांचे पाच पैसे हे असे.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. असा फरक आला की आमच्या धंद्यातला प्रत्येक जण मान हलवून “फ्लोट, दुसरं काय” असं म्हणतो (फ्लोट म्हणजे संगणकाची अपूर्णांक साठवायची नेहमीची पद्धत). मीही म्हणालो. पण या पाच पैशांतला मोठा वाटा फ्लोटचा नव्हता. राउंड दोन ठिकाणी, दोन वेळा, दोन रीतींनी होत होतं, त्याचा होता. फ्लोटनं त्यावर स्वतःची भर घातली, आणि फरक कधी इकडं कधी तिकडं जात होता त्यात त्याचाही हात होता.

फ्लोटचा भाग थोडक्यात. संगणक अपूर्णांक निम्म्याच्या निम्म्यात मोजतो: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश. आपल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. यातला प्रत्येक आकडा संगणकात तंतोतंत बसतो. एक दशांश मात्र बसत नाही. ज्याप्रमाणे एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही, तसा ०.१ द्विमानात, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या मोजणीत, संपत नाही. म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर डबलमध्ये (आठ बाइटच्या फ्लोटमध्ये) ०.३०००००००००००००००४ येतं. आणि म्हणूनच जावास्क्रिप्टला एक दशांशापर्यंत राउंड करायला सांगितलं तर २.३५ चे २.४ होतात आणि २.५५ चे २.५. दोन्हीकडं शेवटी पाचच दिसतो, पण आत साठवलेला पहिला आकडा २.३५ पेक्षा केसभर मोठा आहे आणि दुसरा २.५५ पेक्षा केसभर लहान. माझ्या ०.०००१ च्या युक्तीचं काय झालं ते यावरून कळेल: जे अर्धे आधी खाली जात होते तेही वर गेले, त्यामुळं काहींचं जुळलं आणि काहींचं बिघडलं.

गंमत अशी, की १ एप्रिल १९५७ च्या आधी हा प्रोग्रॅम लिहिला असता तर फ्लोटनं फारसा त्रास दिला नसता. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळांश आणि चौसष्टांश दोन्ही द्विमानात चपखल. पै तेवढी अडली असती, कारण रुपयाच्या १९२ पै, आणि १९२ ला तीननं भाग जातो. नवा पैसा आला, हिशेब माणसाला सोपा झाला, आणि पुढं येणाऱ्या यंत्राला अवघड.

हे मी उगाच सांगत नाही, कारण याच चौसष्टांशावर एक झटपट चाचणी आहे. डेटाबेसमध्ये रकमेचा कॉलम फ्लोट आहे का, अशी शंका असेल (मागच्या माणसानं काय केलंय ते बऱ्याचदा माहीत नसतं), तर त्यात १,५०,०००.१० भरा आणि दोन दशांशांपर्यंत परत वाचा. १,५०,०००.०९ आलं तर तो चार बाइटचा फ्लोट आहे. त्याच्याकडं अंकांसाठी एकूण चोवीस बिट (शून्य किंवा एकच्या जागा) असतात. रक्कम १,३१,०७२ रुपयांच्या पुढं गेली की दशांशासाठी फक्त सहा बिट उरतात, म्हणजे पावलं १/६४ रुपयाची. म्हणजे दीड लाखाच्या खात्यात तुमचा सर्व्हर चक्क जुन्या पैशांत हिशेब ठेवतोय. २,६२,१४४ च्या पुढं पाऊल दुप्पट होतं. संस्थेच्या छोट्या खात्यांत फरक दिसत नाही आणि मोठ्या खात्यांतच दिसतो, असं असेल तर ही चाचणी सगळ्यात आधी करा.

उपाय एका वाक्यात सांगता येतो: रुपये साठवू नका, पैसे साठवा, पूर्ण संख्येत. यालाच फिक्स्ड पॉइंट म्हणतात; दशांशचिन्ह कुठं आहे हे आकड्याबरोबर साठवायचं नाही, आपण एकदा ठरवायचं आणि तिथंच ठेवायचं. २१७.०४ रुपये हे २१७०४. दर ३४.४५ हा ३४४५. दूध ६.३ लिटर हे ६३, म्हणजे लिटरचे दहावे भाग. यात नवं काही नाही. दुकानदार दोन किलो साडेतीनशे ग्रॅम म्हणतो, तेव्हा तो २.३५ म्हणत नाही. ऑनलाइन पेमेंटच्या बऱ्याच गेटवेंनाही रक्कम पैशांत, पूर्ण संख्येतच द्यावी लागते. शंभर रुपये हवेत तर १०००० पाठवायचे. पहिल्यांदा जोडणारा प्रत्येक जण एकदा तरी शंभर रुपयांच्या जागी एक रुपया मागतो.

माझ्या जुन्या व्हीबी सिक्सच्या प्रोग्रॅममध्ये तक्रार का नव्हती, ते मला इथं पोचल्यावर कळलं. तिथं मी सगळीकडं करन्सी हा प्रकार वापरला होता, आणि तो आतून चौसष्ट बिटांची पूर्ण संख्याच असतो, दहा हजारांनी गुणलेली. चार दशांश पक्के. मला वाटायचं, तो रुपयाचं चिन्ह दाखवण्यासाठी आहे. बारा वर्षं मी फिक्स्ड पॉइंट वापरत होतो आणि मला पत्ता नव्हता. नवीन आवृत्ती लिहिताना ते काढून टाकलं तेव्हाही नव्हता.

आता गुणाकार. ६३ × ३४४५ = २१७०३५. एकक बघा: लिटरचा दहावा भाग गुणिले पैसे, म्हणजे उत्तर पैशाच्या दहाव्या भागात. पूर्ण पैशावर यायला पाच मिळवून दहानं पूर्णांकी भाग द्यायचा: २१७०४० ÷ १० = २१७०४. राउंड होतं ते इथंच, स्लिप करताना, आणि जे आलं तेच टेबलात जातं. बिलात पुन्हा गुणाकार नाही, दर नाही, लिटर नाही. स्लिपांवरच्या रकमांची नुसती बेरीज. मोबाईल, छापील स्लिप, बिल आणि खतावणी चारही जण तोच एक साठवलेला आकडा वाचतात. आक्कांच्या नातीनं जोडलं तरी तेच येणार, कारण तीही स्लिपाच जोडते.

पूर्ण संख्येचा खरा फायदा मला अचूकतेपेक्षा वेगळाच वाटतो. फ्लोट सगळं पोटात घालतो, अर्धा पैसाही, आणि कुठंतरी भलतीकडं ओकतो. पूर्ण संख्येत अर्धा पैसा बसतच नाही, त्यामुळं तो टाकायचा का घ्यायचा, कुठं आणि कुणाच्या बाजूनं, हे त्याच ओळीवर लिहावं लागतं. तो प्रश्न माझ्या अधिकारातला नव्हता हेही तेव्हाच लक्षात आलं. तो संचालक मंडळाचा. मी कागदावर तीन पर्याय लिहून दिले, त्यांनी ‘अर्धा किंवा जास्त असेल तर सभासदाच्या बाजूनं वर’ असा ठराव केला, पाच मिनिटांत. तीन महिने मी ज्यावर घालवले ते.

पुढचे दशांश नुसते कापून टाकू नका, एवढं मात्र मी त्यांना ठासून सांगितलं. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये एक निर्देशांक १००० वर सुरू केला होता. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्यानं काढायचा आणि तीन दशांशांनंतरचं कापून टाकायचं, असं चाललं होतं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. बाजार पडला नव्हता, हिशेब दुरुस्त केल्यावर आकडा १०९८ च्या वर निघाला. दर वेळी एक कण, तोही नेहमी एकाच बाजूनं. आमच्याकडं कापलं असतं तर तो कण नेहमी सभासदाचा गेला असता.

एवढं करूनही फरक परत येतो. मला तो चार वेळा आला, आणि चारही वेळा कारण वेगळं होतं, म्हणून तेही सांगतो.

पहिल्या वेळी जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुलना करताना. ६.१ लिटर, ३४.४५ दर: २१०.१४५. जुना प्रोग्रॅम २१०.१४ म्हणाला, नवा २१०.१५. कुणाचंच चुकलेलं नव्हतं. व्हीबीचा राउंड अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडं जातो, म्हणून २.५ चे २ आणि ३.५ चे ४, पायथनचाही तसाच. एक्सेलचा राउंड २.५ चे ३ करतो. त्याहून वाईट म्हणजे व्हीबीचाच फॉरमॅट २.५ चे ३ छापतो, म्हणजे एकाच भाषेतली दोन फंक्शनं दोन बोलतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांत डेसिमल-न्यूमेरिक (दशमान) प्रकार असेल तर अर्धा शून्यापासून दूर जातो, पण कॉलम डबल असेल तर ती खात्री नाही. म्हणून राउंडचं एकच फंक्शन स्वतः लिहा, पाच मिळवून भागायचं, आणि भाषेनं दिलेलं वापरू नका. ऑडिटर एक्सेलमध्ये पडताळणार असेल तर त्याला तुमचा नियम आधीच कागदावर द्या.

दुसऱ्या वेळी उलट नोंदीत. एक स्लिप चुकीच्या कोड नंबरवर पडली, सचिवांनी ती रद्द केली, आणि त्या सभासदाच्या खात्यावर एक पैसा शिल्लक राहिला. रद्द करताना मी वजा लिटर घेऊन पुन्हा गुणाकार करत होतो: −२१७०३५, त्यात पाच मिळवले −२१७०३०, भागिले दहा −२१७०३. जाताना २१७०४ गेले, परत येताना २१७०३ आले. ऋण आकड्याला पाच मिळवायचे नसतात, वजा करायचे असतात. पण खरी दुरुस्ती ती नव्हे. उलट नोंद ही मूळ रकमेची नक्कल असली पाहिजे, चिन्ह बदललेली. तिथं गुणाकार करायचंच कारण नाही.

तिसरी वेळ सगळ्यात भयंकर, कारण आकडा दिसायला अगदी सभ्य होता. काट्याजवळच्या छोट्या डब्यात आर्डुइनो उनो हा (जुना, आठ बिटांचा) छोटा संगणक-बोर्ड आहे, तोच स्लिप काढतो. त्याच्या चिपमध्ये फ्लोटसाठी वेगळं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरनं करावं लागतं, आणि त्यात डबल लिहिलं तरी चार बाइटचाच फ्लोट मिळतो. म्हणून तिथंही पूर्ण संख्या आणली. दुसऱ्या दिवशी ६.३ लिटरची स्लिप निघाली २०.४३ रुपयांची. त्या बोर्डावर इंट हा पूर्ण संख्येचा प्रकार सोळा बिटांचा असतो, ३२,७६७ च्या पुढं जात नाही. २१७०३५ मधून ६५,५३६ चे (सोळा बिटांत एवढेच वेगळे आकडे मावतात) तीन फेरे गेले, उरले २०,४२७. पाच मिळवून दहानं भागले, २०४३. ऋण आलं असतं तर लगेच कळलं असतं. हे धन आलं, दशांशही नीट, आणि सकाळच्या घाईत नऊ जण स्लिप खिशात घालून गेले. गुणाकाराच्या *आधी* एका संख्येला लाँग (बत्तीस बिटांची पूर्ण संख्या) करा. उत्तर लाँगमध्ये साठवून उपयोग नाही, तोवर ते आत फुटलेलं असतं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत गेलं, ते चौसष्ट बिटांचा फ्लोट सोळा बिटांच्या पूर्ण संख्येत कोंबताना. आमची फक्त नऊ माणसं, आणि त्यांना शोधायला गावात फिरावं लागलं.

लाँगलाही मर्यादा आहे. बत्तीस बिटांत पैसे ठेवले तर २,१४,७४,८३६.४७ रुपयांवर घागर भरते. एका सभासदाला पुरेल, संस्थेच्या वार्षिक उलाढालीला नाही. सर्व्हरवर चौसष्ट बिट घ्या आणि विसरून जा.

चौथी वेळ दिवाळीच्या फरक बिलाची. ठरलेली रक्कम सगळ्या सभासदांत दुधाच्या प्रमाणात वाटायची. एक लाख तिघांत वाटा: प्रत्येकी ३३,३३३.३३, आणि एक पैसा टेबलावर. राउंडचा कोणताही नियम लावा, वाटण्यांची बेरीज मूळ रकमेला येईलच असं नाही. इथं आधी सगळ्यांना खाली कापून द्या, उरलेले पैसे मोजा, आणि ज्यांचा कापलेला तुकडा सगळ्यात मोठा होता त्यांना एकेक द्या. तुकडे सारखे असतील तर लहान कोड नंबर आधी. हा नियम न्यायाचा आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण यादी दहा वेळा काढली तरी दहाही वेळा तीच येते.

काट्याबद्दल थोडं, कारण तिथं मी उलटी चूक करायला निघालो होतो. पैशाचं इतकं गुळगुळीत झाल्यावर वाटलं, वजनालाही दशमान स्केलच (दहाच्या पटीतलं) लावावं. काट्याच्या लोडसेलला (वजन जाणणाऱ्या सेन्सरला) एचएक्स७११ ही चिप आहे, चोवीस बिटांचा आकडा देते. आमच्या काट्यावर एका ग्रॅमला २१.३७ मोजण्या पडतात. दर वेळी २१.३७ नं भागण्याऐवजी ६५,५३६ ÷ २१.३७ आधीच करून ३०६७ ठेवायचा, कच्च्या आकड्याला त्यानं गुणायचं आणि सोळा बिट उजवीकडं सरकवायचं, म्हणजे ६५,५३६ नं भागल्यासारखंच; भागाकार नाही, फ्लोट नाही, गिरणीसारखं भराभर चालतं. खरं उत्तर ३०६६.७३ च्या जवळ आहे, म्हणजे पाव एककाहून थोडी जास्त चूक. चाळीस किलोच्या कॅनला ती साडेतीन ग्रॅम पडते. काटाच दहा ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो. तिथं द्विमान स्केल (दोनच्या पटीतलं, इथं ६५,५३६ चं) बिनधास्त चालतं, फक्त गुणाकार बत्तीस बिटांत मावणार नाही हे लक्षात ठेवा. मोजमापात चूक निसर्गाकडूनच येते, तिच्यापेक्षा आपली लहान ठेवली की झालं. पैशात निसर्ग नाही, सगळी चूक आपली.

आणि फिक्स्ड पॉइंट म्हटलं की अचूक, असंही समजू नका. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात दहरानला एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ सैनिक गेले. त्याला अडवायला असलेली पॅट्रियट यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती आणि सेकंद करायला चोवीस बिटांच्या फिक्स्ड पॉइंटमधल्या ०.१ नं गुणत होती. द्विमान स्केलवरचा ०.१, कापलेला. यंत्रणा शंभर तास बंद न करता चालू होती, तेवढ्यात घड्याळ ०.३४ सेकंदांनी सरकलं. दहावे भाग पूर्ण संख्येतच ठेवले होते ते बरोबर होतं, चुकलं ते रूपांतर. म्हणून पैशांसाठी स्केल शंभरचं किंवा दहा हजारांचं ठेवा, ६५,५३६ चं नाही.

जुना डेटा नव्या कॉलममध्ये आणताना शंभरनं गुणून इंटमध्ये टाकू नका. १९.९९ × १०० डबलमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९९८ येतं, आणि इंट ते १९९८ करतो. संस्थेच्या नोंदींतला एकेक पैसा एका रात्रीत उडतो आणि तोही निवडक नोंदींतला. एक तर गुणून राउंड करा, नाहीतर मी केलं तसं: रक्कम मजकूर म्हणून वाचायची, दशांशानंतर दोन अंक आहेत का बघायचं (‘४५.५’ चे ‘४५.५०’), लाखाचे स्वल्पविराम काढायचे, मग टिंब काढायचं. त्यानंतर प्रत्येक सभासदाची जुनी शिल्लक आणि नवी शिल्लक शेजारी छापून सचिवांकडून सही घ्यायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते बिलाच्या आदल्या दिवशी करू नये.

‘किरकोळ फरक’ खात्यात शेवटी ३७ पैसे उरले. ते कुणाचे हे आता काढता येत नाही, म्हणून ऑडिटरला विचारून खातं तसंच बंद केलंय. अण्णांनी पानावर तिरकी रेघ मारली आणि मराठीत व कानडीत दोन्हीकडं ‘बंद’ लिहिलं.

आक्कांची तार दोन बिलं जुळली. तिसऱ्याला त्या परत आल्या: फॅट मशीनच्या काचेवर ४.३५ दिसतं आणि स्लिपवर ४.३ येतं, मग ते मधलं कुठं जातं? मी घरी जाऊन बघितलं. मशीनकडून आलेल्या आकड्याला मी शंभरनं गुणून इंट करत होतो, आणि ४.३५ × १०० म्हणजे ४३४.९९९९९९९९९९९९९४. तिथं ४३४ होत होते. ते दुरुस्त केलं, आता ४३५ येतात. पण दर पत्रक एका दशांशाचं आहे, त्यामुळं ४३५ ला ४.३ चा दर द्यायचा का ४.४ चा, हे मला ठरवता येत नाही. सोमवारच्या बैठकीत विषय घेतलाय.